मास्तरांचा पाव फेरा

मास्तरांसमोर टॉर्चला 'बॅटरी' म्हटलं की ते हातातलं काम सोडून आपल्याकडे बघायचे. रागानं नाही, हा पेशंट सुधारणार की नाही याचा अंदाज घेणाऱ्या डॉक्टरसारखं. मग म्हणायचे, "बॅटरी पोटात असतं. तू चपाती खाऊन आलास म्हनून लोक तुना चपाती बोलतील का?"

वडप्याच्या ज्या गोदामात मी अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळलं, तिथे मास्तर कापड तपासायला होते. लूमवरून किंवा रंगाईवरून आलेला प्रत्येक ताका आधी त्यांच्या टेबलावरून जायचा आणि मगच माझ्या ट्रकमध्ये चढायचा. ताका म्हणजे कापडाचं लांबच लांब ठाण, मीटर-मीटरच्या घड्या घालून चळत केलेलं. मास्तर मूळचे शेलारचे, राहायला कामतघरला. साठीला टेकलेले, ठेंगणे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण बाराही महिने लावलेलं. पँटच्या पुढच्या दोन्ही खिशांत एकेक टॉर्च, मागच्या खिशात एक, आणि पट्ट्याला चामड्याच्या म्यानात चौथा. चालताना शिपाई वाटायचे, फक्त कुठल्या फौजेतले ते कळायचं नाही.

या माणसाबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं ती मी कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. पण ती आधीच सांगून टाकली तर सगळं माझ्याबद्दलच होऊन बसेल आणि मास्तर राहून जातील. म्हणून आधी मास्तर.

टॉर्च घेताना 'उजेड किती' असं विचारणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "किती काय? कसा, ते इचार." ल्युमेनचा आकडा काय, डब्यावर कोणीही छापतो. उजेडाच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या: पूर आणि भाला. पूर म्हणजे अंगणभर सारखा पसरणारा, भाला म्हणजे पलीकडच्या टेकडीवरचं एकच झाड नेमकं उचलून दाखवणारा. लग्न जुळवताना गोत्र विचारावं तसं ते नव्या टॉर्चबद्दल आधी हे विचारून घ्यायचे. मग रंग. कोणाला पांढरा वाटेल तो उजेड त्यांना पांढरा वाटायचा नाही. त्यात हिरवी झाक असली की "ह्याला कावील झाली हाय", निळी असली की "हा थंडीनं काकडलाय". किंचित गुलाबीकडे झुकणारा, दुधात केशराची एकच काडी पडावी असा उजेड त्यांना आवडायचा. तो सापडला की ते तळहातावर पाडून बघत बसायचे.

त्यानंतर इमानदारी. काही टॉर्च पहिल्या मिनिटाला डोळे दिपवतात आणि अंग तापलं की गुपचूप उजेड कमी करतात. मास्तर त्यांना निवडणुकीतले उमेदवार म्हणायचे. "पहिल्या मिन्टाला सगलेच शूर. अर्ध्या तासानं कोन उभा हाय, त्यो सांग." आणि सगळ्यात शेवटी, जे कोणी विचारत नाही ते: याचा सर्वांत कमी उजेड किती कमी आहे? मोठ्या टॉर्चची खरी परीक्षा त्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. "वरडता कोनालाबी येतं. हलू बोलता आलं पायजे."

हे सगळं ते एकटेच बोलत होते असं नाही. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता. त्यात कोल्हापूरचा कोणी दंतवैद्य, केरळातला कोणी रबरवाला, नाशिकचा एक निवृत्त फौजदार. एकमेकांना हे लोक दिवसभर भिंतींचे फोटो पाठवायचे. नुसत्या भिंती, त्यांवर उजेडाचा गोल. मास्तर मला ते दाखवत विचारायचे, "कसा वाटतो?" मी म्हणायचो, "भिंत चांगली आहे." ते फोन खिशात ठेवायचे.

त्यांचीही एक भिंत होती. तपासणीच्या टेबलामागे दोन हात रुंद पट्टा त्यांनी स्वतः चुन्यानं रंगवून घेतला होता. गोदामात कोणीही टॉर्च विकत घेतला की तो आधी त्या भिंतीसमोर आणायचा, अशी पद्धतच पडली होती. आमच्याकडे हमालीला गोरखपूरकडचे एक चाचा होते. त्यांनी नाक्यावरच्या गाडीवरून झूमवाला टॉर्च घेतला. डब्यावर छापलं होतं एक लाख ल्युमेन. चाचांनी ऐटीत भिंतीवर मारला.

मास्तरांनी डोळे बारीक केले. "चाचा, एक लाख?"

"लिखा है, मास्टरजी."

"एक लाख में तो इधर से नाशिक दिखना मंगता. मेरे को तुम्हारी चप्पल नहीं दिख रही."

"चप्पल बाहर है, मास्टरजी."

"हां, तो बाहर जा के भी नहीं दिखेगी."

चाचा तीन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मास्तरांनी आपल्या मागच्या खिशातला टॉर्च काढून त्यांना दिला, कायमचा. वर दम भरला, "बॅटरी बोला तो वापस लूँगा."

मासळी बाजारात मास्तरांची वेगळीच ख्याती होती. तिथे बायका पाटीवर पिवळा बल्ब लावून बसतात. त्याच्याखाली सगळीच मासळी ताजी दिसते. मास्तर पापलेटाचं गलफड उघडून आत आपला टॉर्च धरायचे. त्यांच्या टॉर्चात लाल रंग लालच दिसायचा, आणि मळका असला तर मळका. एकदा मी सोबत होतो. मावशी कडाडली, "मेल्या, मासली घ्यायला आलास का पोस्टमाटम करायला?"

"पोस्टमाटमच करायचं तर घाई न्हाय. ही जाऊन चार दिवस झालं."

आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी मास्तरांभोवती रांगच लावली. "दादा, आमचाबी बघा." मावशीनं कोयता उचलला तेव्हा आम्ही निघालो. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, त्यानंतर त्यांना मासळी आणायला पाठवत नसत. साडीच्या दुकानात तर त्या त्यांना दारातच उभं करायच्या आणि खिसे रिकामे करून घ्यायच्या. मागे एकदा मास्तरांनी दुकानातल्या सहा बायकांना, 'ही मोरपंखी न्हाय, ही शेवाली हाय' असं टॉर्च मारून दाखवलं होतं. सहाही बायका साडी न घेता उठल्या होत्या.

शेटजी हे सगळं चालवून घेत, कारण त्याच टॉर्चनं त्यांचं नाक राखलं होतं. काळ्या अस्तराचा मोठा माल निघाला होता. ट्यूबलाइटखाली सगळा काळा. मास्तरांनी टॉर्च धरला आणि ताक्यांचे तीन ढीग केले. "हा काला निला हाय, हा काला तपकिरी, हा काला काला." एकाच कोटाला एक बाही निळसर आणि एक तपकिरी लागली असती तर गिऱ्हाईक परत आलं नसतं. त्या दिवसापासून टेबलामागे मास्तरांच्या टॉर्चला एक खिळा मिळाला, आणि त्या खिळ्याला दुसरं काही अडकवायची कोणाची छाती झाली नाही.

आता पाव फेरा. मोठ्या टॉर्चचं बटण खिशात चुकून दाबलं गेलं तर मांडी भाजते. म्हणून त्याचं शेपटीकडचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं. आतला प्रवाह तुटतो, मग बटण दाबा, चेपा, काही होत नाही. मास्तर टॉर्च ठेवताना दर वेळी हे करायचे, आणि करताना ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "डोला मिटला." दिवसातून पन्नास वेळा. आम्ही चेष्टा करायचो. ते ताके मोजत असताना कोणीतरी मागून म्हणायचं, "मास्तर, डोला मिटला का?" की ते खिसे चाचपून बघायचे. खंडेनवमीला कात्र्या, फुटपट्ट्या, वजनकाटा यांच्या ओळीत त्यांचे टॉर्च मांडले जायचे. एकदा शेटजींचा भाचा म्हणाला, पूजेला एखादा पेटवून ठेवा, शोभा येईल. मास्तर म्हणाले, "निजलेल्याला पूजेसाठी उठवत न्हायत."

तर, तो नवा टॉर्च.

कुरिअरनं आला. डब्यातून काढून मास्तरांनी तो तळहातावर ठेवला आणि नुसतं वजन घेत राहिले. मुठीएवढं डोकं, अंगावर बारीक खाचांची नक्षी, पोटात अंगठ्यापेक्षा जाड सेल. पूर आणि भाला दोन्ही. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या उजेडावर टाकला की गोदामाच्या मागच्या भिंतीवरचं पालीचं शेपूट मोजता येत होतं. आणि सगळ्यात खाली आणला की फक्त स्वतःच्या बोटांची नखं दिसावीत एवढाच. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. चाचांनी पाहिला, वॉचमननं पाहिला, ट्रकच्या क्लीनरनंसुद्धा पाहिला. मी हात पुढे केला तर मास्तरांनी तो मागे घेतला.

"तुना न्हाय."

"का?"

"तुझी बोटं घाईची हायत. चलान फाडताना बगतो मी."

सगळे हसले. मीही हसलो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. मनाला लागलं की हसतो. आणि हे लागलं होतं. क्लीनरला चालतं आणि मला नाही?

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी अडीचचा सुमार, लाइट गेलेली. गोदामाच्या मागच्या भागाला खिडकी नाही, तिथे भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होतो. मास्तर शेजारच्या शेडमध्ये ताके मोजत होते आणि नवा टॉर्च खिळ्याला दोरीनं लटकत होता. आसपास कोणी नव्हतं. मी तो काढला. पाव फेरा घट्ट केला. आत गेलो.

एकदा दाबलं की लागतो, एकदा दाबलं की विझतो, पटकन दोनदा दाबलं की टर्बो. एवढं मला बघून बघून पाठ होतं. मी दोनदा दाबलं आणि समोरची भिंत एकदम अंगावर आली. काय सांगू, सुंदर होतं. मग मी, पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, पन्नास हमालांवर ओरडणारा माणूस, टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी भिंतीवर कुत्रा केला. कुत्र्यानं तोंड उघडलं. मिटलं. मला वाटतं मी भुंकलोसुद्धा.

"कोण आहे रे तिकडे?" शेटजींचा आवाज.

मी बटण दाबलं. पण घाईच्या बोटांना एकदा दाबणं जमत नाही. दोनदा दाबलं गेलं, म्हणजे पुन्हा टर्बो. परत दाबलं, परत दोनदा. पावलं जवळ येत होती. शेवटी मी तो पेटता टॉर्च शेजारच्या काळ्या अस्तराच्या ताक्यावर डोकं खाली करून उभा केला. एकदम अंधार झाला. त्या क्षणी मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

"मी आहे, शेटजी. सुरतच्या मालाचं बघत होतो."

"चल, त्याचंच बोलायचं आहे," म्हणत शेटजी मला पुढे ऑफिसात घेऊन गेले. चहा आला. टॉर्चचं माझ्या डोक्यात होतं, पण कसं? उजेड दिसत नाही म्हणजे तो काही करत नसेल, इतकंच. सुरतचं बोलणं लांबलं.

दहाएक मिनिटांनी चाचा ओरडले, "अरे जल रहा है! पीछे कुछ जल रहा है!"

आम्ही धावलो. ज्वाळा नव्हत्या. चाचांच्या टॉर्चच्या उजेडात ताक्याच्या डोक्यावरून धुराची बारीक दोरी सरळ वर चालली होती. मी वाळूची बादली उचलली. मास्तर दुसऱ्या दारानं आत आले, रुमालानं टॉर्च उचलला आणि उजेडाचा फटकारा सगळ्यांच्या तोंडावरून गेला. त्यांनी तो विझवला. काचेवर काळी खपली जमली होती. चाचांनी ताका ओढून बाहेर उजेडात नेला आणि उलगडला. पहिल्या घडीला पुरीएवढं गोल भोक. मीटरभरानं बत्ताशाएवढं. आणखी मीटरभरानं बटणाएवढं. अशी नऊ, एकापेक्षा एक लहान, शेवटचं टिकलीएवढं. चाचांनी एका भोकाला डोळा लावला. "मास्टरजी, नया डिझाइन."

कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.

"ह्याला हात कोनी लावला?"

ते एकेकाकडे बघत गेले. चाचांनी कानाच्या पाळ्या धरून नाही म्हटलं. वॉचमन नाही म्हणाला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आडवी. बादली अजून हातातच होती.

माझी नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो असं सांगायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. शेटजी ओरडले असते आणि विसरले असते. मला सांगता येईना ते कुत्र्याचं. 'काय करत होतास?' असं कोणी विचारलंच असतं. पन्नास हमालांसमोर 'कुत्रा' हा शब्द मला उच्चारता आला नसता. एवढंच कारण.

मास्तर खिळ्याकडे गेले. खिळ्याला बोट लावून उभे राहिले. मग कोणाशीच न बोलल्यासारखे म्हणाले, "मना तर हितं लावलेला दिसतो. पाव फेरा दिला. डोला मिटला बोललो. अगदी दिसतं मना." मग थांबले. "का त्यो काल?"

शेटजी समजुतीनं म्हणाले, "होतं मास्तर, वय झालं की."

हे वाक्य दुसऱ्या कोणाला लागलं नसतं. पण मास्तरांचा थोरला भाऊ शेवटची चार वर्षं कसा होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो घरातून निघायचा, कोणाच्याही ओट्यावर बसायचा आणि आत कोण बाई असेल तिला बायको समजून चहा मागायचा. मास्तर त्याला दर संध्याकाळी शोधून आणायचे. एकदा मला म्हणाले होते, "त्याला समदं डोल्यांसमोर दिसायचं रं. झालेलं न्हाय ते पन दिसायचं."

पंधरा दिवस मास्तर टॉर्चशिवाय कामाला आले. शेटजींनी बंदी घातली नव्हती. त्यांनीच आणला नाही. ताका टेबलावर पसरायचा, बघायचं, पुन्हा बघायचं, आणि मला हाक मारायची, "मी हा बगितला का रं?" सोळाव्या दिवशी आले नाहीत. निरोप आला की आता घरीच बसतो.

त्यानंतर मी किती वेळा ठरवलं, ते सांगून काही फायदा नाही. कामतघरच्या रिक्षात बसून नाक्यावर उतरलो आहे, आणि चहा पिऊन परत आलो आहे.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जाल का? यांनी खोका भरून ठेवलाय सगल्या टॉर्चचा. कोनाला तरी देऊन टाकायचाय. मी बोलले, चाचांना द्या. तर न्हाय बोलतात. बोलतात, त्यालाच द्यायचा. त्याला लय हौस होती आनि मी हात लावू दिला न्हाय."

या वेळी नाक्यावर चहाला थांबलो नाही.

मास्तर बारीक झाले होते. गळ्याजवळचं बटण लावलेलं, पण कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा. शेजारच्या लूमची खटखट भिंतीतून येत होती. खोका त्यांच्या पायाशी होता, सुतळीनं बांधलेला. वर तो नवा टॉर्च वेगळा, काच बदललेली.

"ह्याचं झाकन बगून घे," ते म्हणाले. "पाव फेरा. विसरू नको. मना इचार, विसरल्यावर काय होतं."

वहिनी दारात उभ्या होत्या. मी खोक्याकडे बघत म्हटलं, "मास्तर, तुम्ही विसरला नव्हता."

"काय?"

"तुम्ही खिळ्यालाच लावला होता. पाव फेरा देऊन. मी काढला. मीच उलटा ठेवला ताक्यावर."

खटखट चालूच होती. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

"कुठल्या मोडवर?" मास्तरांनी विचारलं.

"टर्बो."

"किती वेल?"

"दहा मिनिटं. थोडं जास्तच."

"दहा मिन्टं टर्बोवर, उलटा..." त्यांनी टॉर्च उचलला आणि त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. मग माझ्याकडे, अजिबात कौतुक नसलेल्या नजरेनं. "काय करत होतास रं तू त्याच्यासंगं?"

"कुत्रा."

"काय?"

"भिंतीवर. बोटांचा."

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. "ऐकलंस? कुत्रा करत होता." वहिनी खाली बसल्या. मग मास्तर मला म्हणाले, "भुंकला का?"

"हो."

ते हसले नाहीत. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. वहिनींच्या अक्षरात त्यांचं नाव, घराचा पत्ता, फोन नंबर. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता. "तीन वर्सं. ही खिशात असल्याबिगर मना उंबऱ्याबाहेर सोडत न्हाय ही. दूध आनायला संगं येतं. डॉक्टर बोलला, रोज शंभरातून सात-सात उने करत जा. करतो. त्र्यान्नव, शहाऐंशी, एकोनऐंशी, बहात्तर..." ते थांबले नाहीत, दोनपर्यंत गेले, कुठेही न अडखळता, माझ्यावर डोळे रोखून. "पयल्या दिवसापासून बरोबर येतं मना. डॉक्टर बोलला, चांगलं हाय. मी बोललो, भावाला पन हिशेब यायचा."

"चुकलं, मास्तर," मी म्हटलं.

"ते दिसतं."

वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही तेव्हाच का न्हाय बोललात, भाऊ? एक शब्द." मास्तरांनी वाकून खोका आपल्याकडे ओढला, पायाखालून पार खुर्चीमागे. सुतळी सोडायला लागले. गाठ निघेना, तर वहिनींनी उठून सुरी आणून दिली.

आत कुठेतरी घड्याळात चार वाजले. वहिनी सवयीनं स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. भिजवून सोललेले बदाम. मास्तरांसमोर ठेवली आणि मग आपणच त्या वाटीकडे बघत राहिल्या.

"रोज सात," मास्तर म्हणाले. "डोक्याला चांगलं असतं बोलतात. मना बदाम आवडत न्हायत. कधीच आवडले न्हायत." त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "खा."

मी एक उचलला.

"चावून. गिलायचा न्हाय."

मी एकेक करून खायला लागलो. ते मोजत होते, ओठांतल्या ओठांत. पाचवा तोंडात घातला आणि माझं तोंड थांबलं.

"कसा हाय?"

"चांग..." म्हणता म्हणता मी त्यांच्याकडे बघितलं. "कडू आहे."

"हां," मास्तर म्हणाले. "आजून दोन हायत."